आभाळाची मांडणी: चिखल्याहून ढग कसे पाहावेत

जून लागला की तुमसर तालुक्यात जो तो आभाळाकडे बघतो. धानाचे पऱ्हे टाकायचे की थांबायचे, रोवणीला मजूर सांगायचे की नाही, खदानीतून पाळी सुटल्यावर लगेच निघायचे की छपराखाली थांबायचे, हे सगळे वर पाहून ठरते. आणि वर पाहिल्यावर बहुतेकांची नजर ढगाच्या रंगावर जाते. काळा दिसला की पाऊस, पांढरा दिसला की उघडीप. पण रंगासारखा फसवा पुरावा नाही. ढग जाड असला तर खालून काळा दिसतो, तसाच सूर्य त्याच्या मागे असला तरीही काळा दिसतो. आपल्याला काळाकुट्ट वाटणारा ढग त्याच घडीला बालाघाटकडच्या माणसाला पांढराशुभ्र दिसत असेल.

म्हणून एका ढगाकडे बघू नका, ढगांची मांडणी बघा. ते ओळींत लागले आहेत, खवल्यांसारखे पसरले आहेत, एकेकटे विखुरले आहेत, की क्षितिजावर एकसंध भिंत उभी राहिली आहे? ही मांडणी हवेच्या थरांनी, वाऱ्याने आणि तापलेल्या जमिनीने लावलेली असते. वरची हवा डोळ्यांना दिसत नाही. तिने लावलेले ढग तेवढे दिसतात. त्यावरून वर काय चालले आहे ते बऱ्यापैकी ओळखता येते, आणि त्यासाठी फार सामान लागत नाही.

आधी जागा आणि दिशा

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ, मॉयल कंपनीच्या मँगनीज खदानीचे चिखला वसले आहे. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेला तुमसर आणि धानाचा सखल मुलूख, पश्चिमेला बावनथडीपलीकडे रामटेक आणि नागपूर, पूर्वेला वैनगंगा. आभाळ बघायला अशी जागा शोधा जिथून निदान तीन बाजूंचे क्षितिज मोकळे दिसेल. तलावाची पाळ सगळ्यांत चांगली. खदानीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर मात्र चढू नका. तिथे जाण्याला मनाई असतेच, शिवाय वादळात ती सगळ्यांत वाईट जागा.

उत्तर दिशा एकदा रात्री ध्रुवताऱ्यावरून पक्की करा आणि त्या रेषेत येणारे झाड किंवा टॉवर लक्षात ठेवा. सूर्योदयावरून दिशा ठरवू नका. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला.

ढग कुठून कुठे जातात हे मान वर करून ठरवायला गेलात तर चुकाल, कारण मान हलते आणि डोळा फसतो. जुन्या वेधशाळांत यासाठी आरशाचे एक साधे यंत्र असे. ते घरी करता येते. दाढीचा आरसा सपाट जमिनीवर ठेवा, कडेला खडूने चार दिशा लिहा आणि डोके न हलवता ढगाचे प्रतिबिंब आरशाच्या कोणत्या कडेने बाहेर पडते ते बघा. सूर्य आरशात येणार नाही अशा जागी उभे राहा. ढगांचे दोन थर असतील तर दोन्हींची दिशा वेगवेगळी टिपा. पुढचा निम्मा लेख या दोन दिशांवरच उभा आहे.

उंची ओळखायला स्वतःची बोटे पुरतात. हात पूर्ण लांब करा आणि डोक्यावरच्या भागातल्या ढगांचा एकेक तुकडा मोजा. क्षितिजाजवळचे तुकडे मोजू नका. करंगळीच्या जाडीहून बारीक कण दिसले तर तो बहुधा सात-आठ किलोमीटरच्या वरचा, बर्फाच्या कणांचा थर. करंगळीपासून तीन बोटांपर्यंतचे तुकडे म्हणजे मधला थर. तीन बोटांच्या मागे न लपणारे गठ्ठे म्हणजे खालचे ढग. जगभरचे निरीक्षक एक अंश आणि पाच अंश अशी जी मापे वापरतात, त्यांचाच हा हातावरचा हिशेब.

खालच्या गठ्ठ्यांचा तळ किती उंच आहे हे तर गणितानेही निघते. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांतला फरक घ्या आणि त्याला १२५ ने गुणा. उत्तर मीटरमध्ये येते. दवबिंदू हवामानाच्या ॲपवर मिळतो. जुलैत तापमान ३० अंश आणि दवबिंदू २५ असेल तर तळ सव्वासहाशे मीटरवर. मे महिन्यात ४३ आणि १५ असतील तर साडेतीन हजार मीटरवर. हा फरक लक्षात ठेवा, वादळाच्या वेळी तो कामी येणार आहे.

ओळी वाऱ्याच्या की लाटांच्या?

सकाळी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते, चढताना थंड होते आणि एका उंचीवर ढग धरते. इथपर्यंत शाळेत शिकवलेले असते. पुढचे फारसे कोणी सांगत नाही. वर चढणारी हवा बऱ्याचदा एक-दोन किलोमीटरवर अडते. तिथे खालच्यापेक्षा उबदार हवेचा थर बसलेला असतो, त्याला झाकण म्हणू. झाकणाखाली कोंडलेल्या हवेला वर जाता येत नाही, मग ती आडवी फिरू लागते. वारा मंद असेल तर हे चढउतार कुठेही होतात आणि आभाळभर विखुरलेले पांढरे गठ्ठे दिसतात. वारा बऱ्यापैकी असेल आणि जमिनीपासून झाकणापर्यंत एकाच दिशेने वाहत असेल, तर हवा वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब वेटोळी घेऊ लागते. शेजारची दोन वेटोळी जिथे मिळून हवा वर ढकलतात तिथे ढगांची ओळ लागते. जिथे हवा खाली येते तिथे निळी पट्टी राहते. दोन ओळींमधले अंतर साधारणपणे त्या कोंडलेल्या थराच्या जाडीच्या दोन ते चार पट असते. घारींना हे चांगले कळते. पंख न हलवता त्या याच ओळींखालून लांब जातात.

अशा ओळी क्षितिजावरच्या एका बिंदूतून पंख्यासारख्या निघालेल्या दिसतात. तो नजरेचा खेळ आहे, प्रत्यक्षात त्या समांतर असतात.

पण आभाळातली प्रत्येक ओळ वाऱ्याची नसते. दुसऱ्या प्रकारच्या ओळी लाटांच्या. हवेचा एखादा थर स्थिर असला, म्हणजे वर ढकलला तरी परत खाली येणारा असला, की धक्का बसल्यावर तो खालीवर हेलकावे खातो. धक्का डोंगराचा असो, दूरच्या वादळाचा असो, की एकावर एक वेगवेगळ्या वेगाने सरकणाऱ्या दोन थरांचा. लाटेच्या माथ्यावर ढग धरतो, खळग्यात विरतो. या ओळी बहुधा वाऱ्याला आडव्या असतात.

दोन्हींतला फरक ओळखायची कसोटी सोपी आहे. आरशात बघा. ढग ओळीच्या लांबीच्या दिशेने सरकत असतील तर ओळी वाऱ्याच्या. ओळ आडवी सरकत असेल, किंवा ओळ जागच्या जागी आणि ढगाचे तुकडे एका कडेने उगवून दुसऱ्या कडेने विरत असतील, तर त्या लाटा. बोटांनी मापले तर वाऱ्याच्या ओळी खालच्या थरातल्या निघतात आणि लाटा बऱ्याचदा मधल्या.

याचा उपयोग असा. सकाळी अकराच्या सुमारास खालच्या ढगांच्या सरळ ओळी लागल्या, तर झाकण शाबूत आहे आणि निदान दुपारपर्यंत मोठ्या पावसाची शक्यता कमी. धान वाळत घातला असेल तर असू द्या. मात्र तासातासाने एक गोष्ट बघत राहा. ओळीतला एखादा ढग शेजाऱ्यांच्या दुप्पट उंच झाला आणि त्याचा माथा फुलकोबीसारखा टणक, कडा स्पष्ट असा दिसू लागला, तर त्या जागी झाकण फुटले आहे. आपल्याकडे हे बहुधा आधी उत्तरेच्या डोंगरांवर होते. सूर्याकडे तोंड केलेले उतार सपाटीपेक्षा लवकर तापतात, आणि डोंगराला धडकलेला वाराही हवा वर ढकलतो.

मधल्या थरातल्या लाटांनी लगेच पाऊस येत नाही. पाच-सहा किलोमीटरवर ओलावा पोचला आहे, एवढेच त्या सांगतात. एप्रिल-मे महिन्यांत ही बातमी मोलाची असते. त्यातही सकाळी सात-आठ वाजता मधल्या थरात तळ सरळ रेषेत आणि वर लहान लहान बुरूज असलेले ढग दिसले, तर दुपारचे काम सकाळीच उरकून घ्या. सकाळच्या गार वेळी, जमीन तापायच्या आधीच, एवढ्या उंचीवर हवा वर उसळते आहे याचा अर्थ वरचा थर अस्थिर आहे. खालून उष्णतेचा धक्का बसायचाच बाकी आहे.

मोठ्या भिंगासारखे, डोंगरावर तासन्तास एका जागी उभे राहणारे ढग फोटोंत पाहिलेले असतात. ते इथे शोधत बसू नका. आपल्याकडे ते क्वचितच दिसतात. ते हिमालयाचे वैभव आहे.

तिसरी मांडणी खवल्यांची. पावसाळ्याच्या शेवटाला किंवा हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी आभाळभर राखाडी गठ्ठे आणि त्यांच्यामध्ये उजेडाच्या शिवणी दिसतात. इथे कारण उलटे आहे. जमीन तापल्यामुळे नव्हे, तर ढगाचा माथा रात्रभर उष्णता आकाशात सोडून गार झाल्यामुळे हवा वरून खाली बुडते आणि थराचे कप्पे पडतात. तापवलेल्या पातळ द्रवात असे षटकोनी कप्पे पडतात हे फ्रान्सच्या आंरी बेनारने १९०० मध्ये दाखवले आणि भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांनी १९१६ मध्ये त्याचे गणित मांडले. गंमत अशी की बेनारच्या भांड्यातले कप्पे मुख्यतः द्रवाच्या पृष्ठताणाने पडले होते हे पुढे अर्ध्या शतकाने कळले. रॅले यांचे गणित बेनारच्या त्या पातळ द्रवाला नीट लागू नव्हते, पण हवेला मात्र लागू पडते. असल्या आभाळाचा पाऊस म्हणजे फार तर भुरभुर, आणि दहा-अकरापर्यंत ऊन वर आले की शिवणी रुंदावत जातात.

उन्हाळी वादळ: वारा आधी, पाऊस नंतर

मार्च ते मे या काळात विदर्भावर वादळे येतात ती एकसारखी नसतात, आणि कोणते किती धोक्याचे हे मांडणीवरूनच कळते. खालचा वारा आणि वरचा वारा यांच्यात फारसा फरक नसेल तर ढग सरळ उभा वाढतो. मग त्याचाच पाऊस त्याच्याच चढत्या हवेवर पडतो आणि तासाभरात तो स्वतःला विझवतो. असे एकेकटे ढग एका गावाला भिजवतात, शेजारचे कोरडे ठेवतात. पण वर जाताना वाऱ्याचा वेग आणि दिशा झपाट्याने बदलत असतील, तर ढग तिरका होतो. पाऊस एका बाजूला पडतो, चढती हवा दुसऱ्या बाजूने चालूच राहते, आणि ढग कित्येक तास जगतो. असे ढग शेजारीशेजारी लागले की त्यांची एक रांग होते. चिखल्याहून ती पश्चिमेला किंवा वायव्येला काळ्या, सपाट भिंतीसारखी दिसते.

भिंत पुढे सरकते ती तिच्याच गार हवेच्या जोरावर. उन्हाळ्यात ढगाचा तळ तीन-साडेतीन किलोमीटरवर असतो हे वर आलेच. एवढ्या उंचावरून पडणारा पाऊस कोरड्या हवेत वाटेतच सुकतो, सुकताना हवा थंड करतो, आणि ती जड झालेली हवा जमिनीवर आदळून चारी बाजूंना पसरते. म्हणून ढगाखाली पावसाच्या झालरी लोंबताना दिसल्या पण त्या जमिनीपर्यंत पोचत नसल्या, तर ‘पाऊस काही येत नाही’ म्हणून निश्चिंत होऊ नका. असा ढग पावसापेक्षा वाऱ्याचा जास्त असतो. टिनाच्या पत्र्यांवर दगड ठेवून भागत नाही, दगडच उडतात. पत्रे तारेने बांधा. गरम वारा एकदम थांबून गार झुळूक लागली की हाताशी फार थोडी मिनिटे उरली असे धरा.

वादळ आपल्याकडे येते आहे की बाजूने जाणार, हे ओळखायला त्याच्या पावसाच्या पडद्याची कड आणि दूरची एखादी खूण एका रेषेत धरा. दहा मिनिटांनी त्याच जागेवरून बघा. कड डावी-उजवीकडे सरकली तर वादळ बाजूने जाईल. कड जागची हलली नाही आणि पडदा मोठा मात्र झाला, तर ते थेट तुमच्याकडे येते आहे.

विजेबद्दल एकच हिशेब पाठ करा. चमक आणि गडगडाट यांतल्या सेकंदांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये येते. तीस सेकंद किंवा कमी आले की पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. रोवणीच्या वेळी चिखलात उभ्या असलेल्या बायामाणसांना हे सांगणारे कोणीतरी धुऱ्यावर हवे; वाकून काम करणाऱ्याला आभाळ दिसत नाही. मोहाच्या किंवा सागाच्या झाडाखाली जमू नका, तारेच्या कुंपणापासून आणि पाण्यापासून दूर राहा. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या वीस आणि चाळीस किलोमीटरांतल्या विजा दाखवते. ते घरातल्या एका तरी फोनवर असावे.

ऐरण कुणीकडे वळली?

आता माझ्या आवडीच्या खुणेकडे येतो, कारण ती कॅलेंडरपेक्षा आणि नक्षत्रांच्या वाहनांपेक्षा जास्त सांगते. मोठा गडगडाटी ढग बारा-पंधरा किलोमीटरवर पोचला की त्याच्यावर वातावरणाचेच कायमचे झाकण येते. मग त्याचा माथा आडवा पसरतो. लोहाराच्या ऐरणीसारखा दिसतो म्हणून त्याला ऐरण म्हणतात. त्या उंचीवर जिकडे वारा, तिकडे ऐरणीचे टोक.

एप्रिलमध्ये चिखल्यावरून पाहिलेल्या ढगाची ऐरण पूर्वेकडे, बालाघाट-छत्तीसगडच्या बाजूला ताणलेली असते, कारण तेव्हा वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. जुलै-ऑगस्टमध्ये तीच ऐरण पश्चिमेकडे, नागपूरच्या बाजूला पसरते. मधल्या काळात वरच्या आभाळाची सगळी मांडणी उलटलेली असते. वरचे पश्चिमी वारे हिमालयापलीकडे सरकतात आणि त्यांच्या जागी पूर्वेकडून येणारा वेगवान प्रवाह बसतो. भारतीय हवामान विभागातले पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांचा हा झोत सविस्तर मांडला. त्याचा गाभा दक्षिण भारतावर तेरा-चौदा किलोमीटर उंचीवर असतो; आपण त्याच्या उत्तर कडेला.

म्हणून मेअखेरपासून ऐरणींची आणि उंचावरच्या पिंजलेल्या ढगांची दिशा रोज टिपा. मृग लागला, सरी पडल्या, पण ऐरणी अजून पूर्वेकडेच जात असतील, तर तो अवकाळीचाच पाऊस समजा आणि पऱ्ह्यांची घाई करू नका. खालचे ढग पश्चिमेकडून येत आहेत आणि उंचावरचे पूर्वेकडून, असे दोन उलटे थर एकाच आरशात दिसू लागले, की मोसमी आभाळ बसले. आपल्याकडे हे साधारण जूनच्या मध्यावर घडते. नक्षत्रांना माझा विरोध नाही. तेरा-चौदा दिवसांच्या हिशेबाला ती सोयीची आहेत आणि शेतीची सगळी बोली त्यांच्यावर उभी आहे. पण नक्षत्र दरवर्षी त्याच तारखेला लागते. हवा तसा करार पाळत नाही.

पावसाळ्यातला मोठा पट

पावसाळा लागल्यावर एकेका ढगाची मांडणी मागे पडते आणि शेकडो किलोमीटरचे पट महत्त्वाचे होतात. इथे एक डच नियम उपयोगी आहे, बाइस बॅलट यांनी १८५७ मध्ये सांगितलेला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाबाचा प्रदेश डाव्या हाताला असतो. जमिनीवरचा वारा झाडे-डोंगरांनी वळतो, म्हणून खालच्या ढगांची दिशा वापरा.

ढग पश्चिमेकडून येत असतील तर पाठ पश्चिमेला, तोंड पूर्वेला, डावा हात उत्तरेला. म्हणजे कमी दाबाचा पट्टा आपल्या उत्तरेला, मध्य प्रदेशावर किंवा त्याहून वर. पावसाळ्यातली ही नेहमीची स्थिती. ढग उत्तरेकडून येऊ लागले आणि आभाळ भरत चालले, तर कमी दाब पूर्वेला आहे. बंगालच्या उपसागरात तयार झालेली प्रणाली ओडिशा ओलांडून छत्तीसगडकडे सरकते आहे. ढग वायव्येकडून जोरात येऊ लागले तर केंद्र ईशान्येला, आणि आपण नेमके त्याच्या नैर्ऋत्य भागात. पश्चिम-वायव्येकडे जाणाऱ्या अशा प्रणालीचा सगळ्यांत जड पाऊस याच भागात पडतो. झड लागते ती इथे. पुढे ढग पूर्वेकडून येऊ लागले तर केंद्र दक्षिणेकडून गेले, नैर्ऋत्येकडून येऊ लागले तर वायव्येकडे निघून गेले.

वैनगंगाकाठच्या माणसांनी यात आणखी एक धरावे. वैनगंगा आणि बावनथडी दोन्ही वरच्या सिवनी जिल्ह्यातून येतात. आपल्या डोक्यावर आभाळ मोकळे झाले तरी केंद्र उत्तरेला असताना पाणी तिकडे पडत असते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा शहरात वैनगंगा शिरली, त्यात मध्य प्रदेशातल्या पावसाचा आणि तिकडच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याचा मोठा वाटा होता. तेव्हा पुराचा अंदाज घ्यायचा तर उत्तरेचे क्षितिज बघा, डोक्यावरचे आभाळ नव्हे.

मधेच पाऊस आठ-दहा दिवस दडी मारतो. तेव्हा चिखल्यावर कोणती मांडणी दिसते? त्याच वाऱ्याच्या ओळी, पश्चिमेकडून पूर्वेकडे लागलेल्या, पांढऱ्या, बुटक्या. कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी गेलेला असतो आणि आपल्यावर झाकण बसलेले असते. बंगळुरूच्या सुलोचना गाडगीळ आणि पुण्याचे डी. आर. सिक्का यांनी उपग्रहांची रोजची चित्रे तपासून १९८० मध्ये दाखवले की ढगांचा मोठा पट्टा विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर पुन्हा तयार होतो आणि दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत येतो. म्हणून दडी असताना आपल्यावरचे आभाळ कितीही न्याहाळले तरी पाऊस परत केव्हा येणार ते त्यात दिसत नाही. त्यासाठी फोनच काढावा लागतो.

फोनवर चित्र बघताना

हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) या उपग्रहांची चित्रे येतात. त्यावरची वेळ जागतिक असेल तर साडेपाच तास मिळवा. उष्णतेच्या, म्हणजे अवरक्त चित्रात जो ढग थंड तो पांढरा. त्यामुळे उंचावरचा पातळ, पाऊस न देणारा पडदासुद्धा पांढराफेक दिसतो आणि आपल्या डोक्यावर टिपकणारा खालचा ढग जमिनीच्याच करड्या रंगात हरवतो. दिवसा दिसणाऱ्या प्रकाशाचे चित्र सोबत बघा. त्यात जाड तो पांढरा. दोन्हींत पांढरा तोच खरा पावसाचा. वृत्तवाहिन्या बहुधा पहिलेच चित्र दाखवतात आणि सगळा महाराष्ट्र झाकोळला म्हणून ओरडतात.

नागपूरचे डॉप्लर रडार चिखल्यापासून साधारण नव्वद किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरावर त्याचा सर्वांत खालचा किरणही त्याच्या तिरपेपणामुळे आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीपासून किलोमीटरभराहून वर गेलेला असतो. म्हणून खालच्या ढगांची भुरभुर रडारवर दिसली नाही तर रडार बंद आहे असे समजू नका. उलट उन्हाळ्यात रडारवर लाल ठिपका दिसूनही अंगणात थेंब पडत नाही, कारण तो पाऊस वाटेतच सुकलेला असतो. वादळाच्या दिवशी रडारवर रंगापेक्षा आकार बघा. रांग सरळ असताना तिचा मधला भाग धनुष्यासारखा पुढे फुगला, तर सगळ्यांत जोराचा वारा त्या फुगवट्यापाशी असतो.

कापणीपासून लाखोरीपर्यंत

ऑक्टोबरात हलका धान कापून कडपा शेतात पसरलेल्या असतात आणि तेव्हाच बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा हंगाम असतो. फायलिन १२ ऑक्टोबर २०१३ ला ओडिशाच्या किनाऱ्यावर चढले आणि हुदहुद बरोबर वर्षाने, १२ ऑक्टोबर २०१४ ला, विशाखापट्टणमला. अशा वादळाच्या माथ्यावरून बाहेर फेकली जाणारी हवा उंचावरच्या पांढऱ्या तंतूंच्या रूपाने कित्येकशे किलोमीटर पुढे येते. ते तंतू पूर्व-आग्नेयेच्या एका बाजूकडून फाकत आलेले दिसले, दुसऱ्या दिवशी त्यांचा पडदा होऊन सूर्याला किंवा चंद्राला खळे पडले, आणि मग मधल्या थराचा राखाडी पडदा आला, तर कडपा उचलून पुंजणे घालण्यापुरता वेळ हाती आहे. नुसते खळे पडले म्हणून घाबरू नका. तंतू, खळे, राखाडी पडदा हा क्रम पुरा होतो की नाही ते बघा. बऱ्याचदा तो पहिल्या पायरीवरच मोडतो.

फेब्रुवारीत तंतू पश्चिमेकडून येतात. उत्तर भारतावरून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभांचा वरचा भाग कधीकधी दक्षिणेला आपल्यापर्यंत पोचतो. एरवी त्याने थंडी कमी होण्यापलीकडे काही होत नाही. पण त्याच वेळी खालच्या थरात आग्नेयेकडून दमट वारा येत असेल, तर आरशात पुन्हा दोन थर वेगवेगळ्या दिशांना जाताना दिसतील, आणि दिशांतला हा फरकच ढगाला तिरका करून दीर्घायुषी करतो. वरची हवा अजून थंड असते, गारा वितळायच्या आत जमिनीवर पोचतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली ती अशाच परिस्थितीत. बांधीत लाखोरी उभी असताना सकाळी असे दोन थर दिसले, तर नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा दुपारी बाराच्या आत एकदा बघून घ्या, जनावरे गोठ्याबाहेर बांधू नका, आणि तीननंतर पश्चिमेच्या क्षितिजावर टणक माथ्याची रांग उभी राहते का, तिकडे लक्ष ठेवा.